घर सावरण्यासाठी निघालेली तारामती : दुर्गा खोटे

जून महिना उजाडला की लातूरच्या रस्त्यांवर बाहेरगावचे आईवडील दिसू लागतात. एका हातात मुलीची बॅग, दुसऱ्या हातात गुणपत्रिकांची फाईल. खोली, मेस आणि शिकवणी यांची चौकशी करीत ते दारोदार फिरतात. नांदेडलाही हेच चित्र असते. आपल्या समाजातील मुलीही मोठ्या संख्येने या वाटेने जातात. डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल ही नावे आता आपल्या घरांतून मुलींच्या संदर्भात सहज उच्चारली जातात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

गेल्या चातुर्मासात लातूरच्या एका महिला मंडळात प्रवचनानंतर गप्पा चालल्या होत्या. मुलगी पुढे काय शिकणार, असे एका भगिनीला कोणी तरी विचारले. तिने जरा संकोचून सांगितले, "नांदेडच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राला जायचे म्हणते." क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक वयस्क मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "चांगल्या घरची मुलगी, आणि नाटकात?"

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे स्वतंत्र संकुल आहे, तेथे रीतसर पदवी मिळते, हे मावशींना कदाचित ठाऊक नसेल. परंतु त्यांचा प्रश्न पदवीचा नव्हताच. व्यवसायाला प्रतिष्ठा कशाने येते, असे त्या विचारीत होत्या. हाच प्रश्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या एका सुशिक्षित, कुलीन घरातील सुनेला विचारला गेला होता, आणि तिने त्याचे उत्तर पन्नास वर्षे काम करून दिले. तिचे नाव दुर्गा खोटे.

तारामतीला स्त्री मिळेना

दुर्गाबाईंचे धाडस समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि त्याच्या पाठोपाठ दारिद्र्य पत्करणारी राणी तारामती यांची ही कथा. कथा पवित्र, विषय धार्मिक. तरीही तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाक्याचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवून फाळक्यांनी तारामती उभी केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्री आली. परंतु त्या रंगभूमीवरच्या कलावती होत्या. शिकलेल्या, पांढरपेशा घरातील स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्यानंतरही बराच काळ अकल्पनीय होते.

१९३२ साली तीच हरिश्चंद्राची कथा बोलपटाच्या रूपाने मराठीत आली, आणि या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे. मधल्या १९ वर्षांत समाज फारसा बदलला नव्हता. एका स्त्रीची परिस्थिती मात्र बदलली होती.

वैभवातून विवंचनेत

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विटा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीत मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. त्यांचे शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. त्या काळी मुलीला इतके शिकविणारे घर विरळाच. पुढे विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह झाला. सासरही श्रीमंत होते. बकुळ आणि हरिन असे दोन मुलगे झाले.

सगळे सुरळीत चालले असताना सासरचे वैभव ओसरले. पुढे पतीचेही अकाली निधन झाले. वयाची पंचविशी नुकतीच ओलांडलेली स्त्री, पदरात दोन लहान मुले, आणि कोणाच्या तरी आश्रयाने दिवस काढणे मनाला न पटणारे. शिक्षण होते, परंतु त्या शिक्षणाला बाजारात मोल मिळेल अशा वाटा स्त्रियांसाठी अगदी थोड्या होत्या. अशा वेळी चित्रपटात काम करण्याविषयी विचारणा झाली. कलेची ओढ किंवा प्रसिद्धीची हौस हे त्यांच्या होकाराचे कारण नव्हते. मुलांचे पोट आणि शिक्षण हे कारण होते, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही.

पहिला अनुभव कटू ठरला. मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. चित्रपट सामान्य दर्जाचा निघाला. नामवंत घराण्यातील स्त्री असल्या चित्रपटात दिसली म्हणून चहूकडून टीका झाली, आप्तस्वकीयांनीही बोल लावले. येथेच ही कथा संपली असती, तर चांगल्या घरच्या मुलींनी या वाटेला जाऊ नये, असे सांगण्यासाठी समाजाला एक उदाहरण मिळाले असते.

कोल्हापूरचे बोलावणे

याच सुमारास कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी पहिल्या बोलपटाच्या तयारीत होती. १९२९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या भागीदारांपैकी एक होते व्ही. शांताराम. त्यांचे वडील राजाराम वणकुद्रे हे जैन होते, तर आई हिंदू. कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या या दिग्दर्शकाने तारामतीसाठी दुर्गाबाईंना बोलावले.

एका फसलेल्या चित्रपटानंतर पुन्हा होकार देणे सोपे नव्हते. परंतु प्रभातमधील कामाची शिस्त वेगळी होती आणि विषय सर्वांच्या परिचयाचा, आदराचा होता. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि 'अयोध्या का राजा' हिंदीत, अशी एकाच वेळी दोन रूपे तयार होत होती. त्यामुळे तोच प्रसंग दोन भाषांत, दोनदा उभा करावा लागे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाला स्वतःच गावे लागे, आणि आवाजाचे मुद्रण चित्रीकरणाबरोबरच होई. एखाद्याचा शब्द अडखळला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. हरिश्चंद्राच्या भूमिकेत संगीतकार गोविंदराव टेंबे होते. त्यांच्यासारख्या मुरलेल्या गायकनटासमोर, रंगभूमीचा अनुभव पाठीशी नसताना, दुर्गाबाई उभ्या राहिल्या.

तारामती विकली जाते, दासी होते, मुलाचे शव घेऊन स्मशानात येते. आपल्याकडील वाचकांना या ठिकाणी चंदनबालेची आठवण होईल. राजकन्या असूनही बाजारात विकली गेलेली, दास्यातही मनाने स्वतंत्र राहिलेली आणि पुढे भगवान महावीरांच्या साध्वीसंघाची प्रमुख झालेली चंदना. हालअपेष्टांत शील आणि स्वत्व जपणाऱ्या स्त्रीची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या भक्तीने ऐकत आलो आहोत. ज्या स्त्रीने घरासाठी लोकनिंदा सोसली, तिनेच अशी कथा पडद्यावर साकारावी, हा योग विलक्षण होता. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट मानला जातो. तो लोकांनी डोक्यावर घेतला आणि काल बोल लावणाऱ्यांचा सूर बदलला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती; मराठी घरात आणि देवळात जपली जात होती. अशा मुलखातील प्रेक्षकाला पडद्यावरची राणी आपल्या भाषेत बोलताना, गाताना ऐकणे केवढे अपूर्वाईचे वाटले असेल! शिवाय कथा हरिश्चंद्राची. इतर चित्रपटांना न जाणाऱ्या घरातील स्त्रियाही पौराणिक चित्रपटाला जात असत. त्यामुळे दुर्गाबाईंचा चेहरा जुन्या पिढीच्या मनात 'सिनेमानटी' म्हणून न राहता पुराणातील राणी म्हणूनच राहिला.

कोणाच्याही दावणीला नाही

यश मिळाल्यावर दुर्गाबाईंनी जे केले ते अभिनयाइतकेच महत्त्वाचे आहे. त्या काळी नटनट्या एकेका कंपनीच्या पगारावर असत. करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नसे. दुर्गाबाईंनी ही पद्धत नाकारली. कामापुरता करार करायचा, काम झाले की आपण मोकळे, असे ठरवून वागणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. ज्या स्त्रीला दरमहा निश्चित पगाराची गरज सर्वांत जास्त होती, तिने हा धोका पत्करला. व्यापारी घरात वाढलेल्या आपल्या वाचकांना यातील हिशेब चटकन कळेल. नोकरी सुरक्षित असते, पण आपल्या मालाचा भाव दुसरा ठरवितो.

'माया मच्छिंद्र' (१९३२) मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. पायाशी चित्ता घेऊन बसलेली ही राणी प्रेक्षक विसरले नाहीत. पुढे त्या कलकत्त्याला गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) हे चित्रपट केले. 'सीता'मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. परदेशी महोत्सवात पोहोचलेल्या पहिल्या भारतीय बोलपटांत त्याचे नाव घेतले जाते.

१९३६ साली शांताराम यांच्या 'अमर ज्योती'मध्ये त्यांनी सौदामिनी साकारली. आपल्या तान्ह्या मुलावर आईचा कायदेशीर हक्क नाही, असा निवाडा मिळाल्यावर बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री. सूडाची वाट कोठे नेते, हेही चित्रपट दाखवितो. परंतु आईचा मुलावर हक्क किती, हा प्रश्न १९३६ मध्ये सर्वांसमोर मांडणे साधे नव्हते. दोन मुलांना एकटीने वाढविणाऱ्या आईच्या तोंडून तो आला, तेव्हा त्यात नाटकीपणा उरला नसणार. पुढच्याच वर्षी त्यांनी 'साथी' या चित्रपटाची निर्मिती केली. चित्रपटनिर्मितीत उतरलेल्या भारतातील आरंभीच्या स्त्रियांपैकी त्या एक ठरल्या.

त्यांच्यानंतर शोभना समर्थ, लीला चिटणीस, वनमाला अशा सुशिक्षित स्त्रिया या क्षेत्रात आल्या. त्यांची वाट दुर्गाबाईंनी थोडी तरी सोपी केली होती.

कैकेयीची बाजू

देवीसारख्या भूमिकांनी मान मिळाला, तरी त्या चौकटीत दुर्गाबाई अडकून पडल्या नाहीत. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगविली. याच चित्रपटाच्या हिंदी रूपासाठी, 'चरणों की दासी'साठी, आणि त्यानंतर 'भरत मिलाप'साठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. सलग दोन वर्षे.

विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये (१९४२) दुर्गाबाई होत्या कैकेयी. आठ वर्षांपूर्वी सीता म्हणून पूजल्या गेलेल्या अभिनेत्रीने आता साऱ्या अनर्थाला कारण ठरलेल्या स्त्रीची भूमिका घेतली होती. आपल्या परंपरेतील रामकथा वाचलेल्यांना यात एक निराळी गोडी जाणवेल. विमलसूरींच्या 'पउमचरिय'मध्ये कैकेयी दुष्ट नाही. राजा दशरथ दीक्षा घेण्यास निघतो, त्याच्या पाठोपाठ भरतही विरक्त होऊ पाहतो. पती आणि पुत्र दोघेही एकाच वेळी हातचे जाणार, या भीतीने ती भरतासाठी राज्य मागते, म्हणजे निदान मुलगा तरी घरात राहील. वर तोच, पण त्यामागे आईचे काळीज आहे. प्रत्येक माणसाला त्याची बाजू असते आणि ती ऐकल्यावाचून निवाडा करू नये, ही अनेकान्ताची शिकवण आपल्या आचार्यांनी कैकेयीलाही लागू केली.

अभिनय हेही काहीसे असेच काम आहे. ज्या माणसाचा आपल्याला राग येतो त्याच्या मनात शिरायचे आणि त्याला तसे का वागावे लागले ते शोधायचे. दुर्गाबाईंनी हे काम चित्रपटापुरते ठेवले नाही. रंगभूमीवर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई उभी केली, आणि शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मधील महत्त्वाकांक्षी राणीही. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

साऱ्या देशाची आई

वय वाढले तशा भूमिका बदलल्या. नायिकेला एका वयानंतर काम मिळत नाही, अशी तक्रार करीत न बसता त्यांनी आईच्या भूमिका घेतल्या आणि त्यांत जीव ओतला. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई अजूनही सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. एकीकडे बादशहा पती, दुसरीकडे बंडखोर मुलगा, आणि दोघांच्या मध्ये ओढली जाणारी आई. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी' या चित्रपटांतून त्या पुढच्या पिढीच्या घरात पोहोचल्या. 'बिदाई' (१९७४) मधील आईसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहअभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पन्नासहून अधिक वर्षांत सुमारे २०० चित्रपट, असा हा विस्तार आहे.

पडद्यावर पुत्रशोक साकारणाऱ्या या आईला तो प्रत्यक्षातही भोगावा लागला. धाकटा मुलगा हरिन तरुणपणीच गेला. त्याच्या पत्नी म्हणजे पुढे श्रेष्ठ नाट्यदिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आलेल्या विजया मेहता. सासूच्या वाट्याला आले तेच सुनेच्याही वाट्याला आले : तरुण वय, अकाली वैधव्य आणि पदरात दोन लहान मुलगे. दोघींनीही काम सोडले नाही, आणि दोघींनी आपापल्या क्षेत्रात पुढच्यांना रस्ता करून दिला.

दुर्गाबाईंनी फॅक्ट फिल्म्स आणि नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या संस्थांद्वारे अनुबोधपट आणि जाहिरातपटांची निर्मिती केली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये सुरू झालेली 'वागले की दुनिया' ही मालिका याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील तो साधा, पापभीरू मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या घरातलाच वाटे. त्या मालिकेमागे तारामतीचे घर होते, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते?

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे मान त्यांना मिळाले. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातील तारामतीला मिळाला. 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात त्यांनी आपली सुखदुःखे मोकळेपणाने मांडली आहेत. अखेरची काही वर्षे त्या अलिबागला राहिल्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त ३ मे २०१३ रोजी टपाल खात्याने ज्या ५० कलावंतांची तिकिटे काढली, त्यांत दुर्गाबाईही आहेत.

मावशींच्या प्रश्नाकडे

दुर्गाबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे आपल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. हजारो माणसे गेली. ज्यांनी कधी घराचा उंबरठा एकटीने ओलांडला नव्हता, अशा कितीतरी स्त्रिया एका रात्रीत घराच्या कर्त्या झाल्या. भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे आपल्या समाजाच्या सत्कार्यातील मोठे पान आहे. पत्र्याच्या निवाऱ्यात राहून ज्या आयांनी मोलमजुरी केली, शिवणयंत्र चालविले, दुकान मांडले, त्यांना कोणी 'चांगल्या घरची बाई हे काम करते?' असे विचारले नाही. ज्या हातांनी घर उभे राहते त्या हातांचे काम हलके नसते, हे त्या दिवसांनी मराठवाड्याला शिकविले.

मग गाणे, नृत्य, अभिनय यांच्याकडे पाहतानाच आपली नजर का बदलते? मावशींची काळजी खोटी नव्हती. या क्षेत्रात मोह आहेत, फसवणूक आहे. दुर्गाबाईंचा पहिला चित्रपटच त्याची साक्ष देतो. म्हणून मुलीला एकटी सोडू नये, तिच्या पाठीशी उभे राहावे, करार वाचून मगच सही करायला शिकवावे. दुर्गाबाईंपाशी शिक्षण होते, नाही म्हणण्याचे धैर्य होते, आणि आपण हे कशासाठी करतो आहोत याची जाण होती. एवढी शिदोरी बरोबर असेल तर मुलगी कोठेही जावो, घराचे नाव राखील. आणि ही शिदोरी नसेल तर डॉक्टरकीही तिला तारणार नाही.

पुढच्या बैठकीला त्या भगिनी पुन्हा आल्या होत्या. मुलीने नांदेडला प्रवेश घेतला होता. मावशींनी तिला जवळ बोलावले आणि विचारले, "काय ग, त्या हरिश्चंद्राच्या सिनेमातली राणी... तिचे नाव काय होते?"

मुलीला ते माहीत होते.